थंडाव्याचं बटण

माझ्या नाकावर राग असतो, असं आई म्हणते. असतो हे खरं. पण तो तिथे कुणामुळे बसला, हे ती सांगत नाही. मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर लोक तोंडाचं माप पाठवतात, मी त्यावर दात बसवते, घासते, पुन्हा बसवते. कागदाच्या जाडीइतका फरक राहिला तरी म्हातारी माणसं कवळी काढून पेल्यात टाकतात आणि परत तोंडात घालत नाहीत. पंचवीस वर्षं हे काम करून बाई शांत स्वभावाची राहिली असेल, तर तिनं ते काम मन लावून केलेलं नाही.

त्या वर्षी आईनं स्वतःचा उजवा हात असाच पेल्यात टाकून दिला होता.

एका सकाळी तिच्या हातातून कप निसटला आणि तो का निसटला हे तिला सांगता येईना. दवाखान्यातून नऊ दिवसांनी घरी आली तेव्हा पाय चालत होता, तोंड जरासं एका बाजूला गेलं होतं, बोलणं कळत होतं आणि जीभ होती त्याहून धारदार झाली होती. फक्त उजवा हात मांडीवर पडून राहायचा, कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. आणि आईचं सगळं त्या हातात होतं. तिनं जन्मभर काज-बटणाचं काम केलं. शिंप्यांकडून कोटांचे आणि सदऱ्यांचे गठ्ठे यायचे आणि ती खिडकीशी बसून हातानं काजं करायची. तिचं काज आणि मशीनचं काज, डोळे मिटून बोट फिरवलं तरी फरक कळायचा. बहात्तर वर्षांची झाली तरी तिची गिऱ्हाईकं तुटली नव्हती.

फिजिओबाईंनी स्पष्ट सांगितलं. पहिले तीन महिने मोलाचे. या दिवसांत बोटं जेवढी हलतील तेवढी परत येतील, पुढे अवघड आहे. मग त्यांनी आईच्या हातात एक पिवळा मऊ चेंडू ठेवला.

"हा दाबून काय होतं?" आईनं विचारलं.

"बोटांत जोर येतो, आजी."

"आणि चेंडूचं काय होतं?"

बाई हसल्या. आई हसली नाही. पाचव्या दिवशी चेंडू पलंगाखाली गेला आणि आई भिंतीकडे तोंड करून निजली. मी रागावले, गोड बोलले, अबोला धरला, पुन्हा रागावले. पालथ्या घड्यावर पाणी. सहा आठवडे असे गेले. रोज सकाळी कामावर जाताना मी तिच्या हाताकडे बघायची आणि मनातल्या मनात दिवस मोजायची.

माझा मोठा भाऊ दुसऱ्या शहरात असतो आणि सव्वीस वर्षं कॉम्प्युटरचं काम करतो. तो फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा. "मोबाईलवर एखादा खेळ दे तिला," दादा म्हणाला. "आपोआप बोटं हलतील."

दिला. रंगीत फुगे एकावर एक येतात आणि आपण ते फोडायचे, असा काहीसा तो खेळ होता. आईनं डाव्या बोटानं दोन मिनिटं फुगे फोडले आणि मोबाईल माझ्याकडे सरकवला.

"यात कुणाचं काय अडलंय?"

"म्हणजे?"

"दिवेवाल्याला अंधार पडायच्या आत गल्ली उजळायची असायची. लोक घरी यायचे असायचे. हे फुगे फुटले काय न् राहिले काय." आणि ती पुन्हा भिंतीकडे वळली.

सहा आठवड्यांत इतकं लांब वाक्य तिच्या तोंडून आलं नव्हतं.

दिवेवाला हा आमच्या घरातला एक जुना माणूस. खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ते कुणीच घ्यायचं नाही. बाबा एका छापखान्यात कागदाचं गोदाम सांभाळायचे. छापखान्यानं नवी यंत्रं घेतली तेव्हा जुना कॉम्प्युटर ते घरी घेऊन आले, आणि त्याच्यासोबत एक फ्लॉपी. त्या फ्लॉपीत हा माणूस राहायचा. बोटाच्या पेराएवढा, टोपी घातलेला, खांद्यावर शिडी. बाणांच्या बटणांनी त्याला खांबापाशी न्यायचं, शिडी लावायची, दिवा पेटवायचा, पुढे जायचं. मागून वारा येऊन दिवे विझवायचा. अंधार पडायच्या आत सगळी गल्ली उजळली की खिडक्यांतून माणसं हात हलवायची आणि पुढची गल्ली सुरू व्हायची. अशा चाळीस गल्ल्या होत्या.

संध्याकाळी बाबा स्वतः यंत्र चालू करायचे. आधी आम्हा दोघा भावंडांची पाळी, मग आईची. आणि दोन्ही पाळ्यांच्या मध्ये एक विधी असायचा. यंत्राच्या तोंडावर एक चौकोनी बटण होतं आणि त्याच्या वरच्या खिडकीत लाल आकडे दिसायचे. आमचं खेळून झालं की बाबा गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे, ते बटण आत दाबायचे आणि आकडा तेहतीसचा सोळा व्हायचा.

"उतरलं तापमान," ते म्हणायचे. "बस आता तू."

ते थंडाव्याचं बटण होतं. आमच्या पाळीला यंत्र नुकतंच चालू झालेलं असायचं म्हणून थंडाव्याची गरज नसायची. आईच्या पाळीपर्यंत ते तापायचं. मुलांनी त्या बटणाला हात लावायचा नाही, लावला तर यंत्र जळेल. आम्ही कधी लावला नाही. बाबा बोलायचे इतकं कमी की जे बोलायचे त्यावर शंका घ्यायचं आमच्या मनातही यायचं नाही.

दादा अकराव्या गल्लीत अडकला आणि मी नवव्या. आई सत्ताविसाव्या गल्लीपर्यंत गेली. हे तिनं आम्हाला जन्मभर विसरू दिलं नाही. मी परीक्षेत पहिली आले तेव्हा म्हणाली, छान झालं, पण नववी गल्ली राहिलीच. दादाला मोठी नोकरी लागली तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, आता जमेल बहुतेक अकरावी. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, आमच्या घरात शिक्षणाची काही वेगळीच पद्धत असावी.

तर मी ती फ्लॉपी शोधायला लागले. ती बटणांच्या डब्यात तळाशी सापडली, कोटाच्या बटणांखाली. वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: "हिचा खेळ." बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मी डबा घेऊन थोडा वेळ खालीच बसले.

यूएसबीवर चालणारी फ्लॉपी ड्राइव्ह मागवली, ती आठवड्यानं आली. रविवारी दुपारी मी आईच्या खोलीतच, तिच्या शिवणाच्या टेबलावर, माझा लॅपटॉप मांडला आणि त्याला मोठा कीबोर्ड जोडला. ड्राइव्ह घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. मग स्क्रीनवर अकरा फाइली आल्या. मी खेळावर दोनदा टिचकी मारली आणि नव्या कॉम्प्युटरनं सभ्य भाषेत सांगितलं की हा प्रोग्राम या यंत्रावर चालणार नाही.

दादाला फोन केला.

"नाहीच चालणार," तो म्हणाला. "तो पस्तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रासाठी लिहिलाय. त्याला ते यंत्र दिसलं पाहिजे."

"मग आता काय, यंत्र काढून आणू?"

"सोंग घ्यायचं. एक प्रोग्राम असतो, तो आतल्या आत जुन्या यंत्राचं सोंग घेतो. खेळाला वाटतं आपण घरीच आहोत. थांब, लिंक पाठवतो."

त्यानंतर दोन तास मी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत होते. दादा सांगायचा, मी टाईप करायची, चुकलं की तो म्हणायचा नीट वाच, आणि मी त्याला काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. शेवटी एकदाचा पडदा निळा झाला, कोपऱ्यात तो टोपीवाला उभा राहिला आणि त्याच्या खाली प्रश्न आला. नवव्या पानावरची चौथी ओळ, दुसरा शब्द काय?

हे मी साफ विसरले होते. खेळासोबत एक पुस्तिका होती आणि ती ज्याच्याकडे असेल त्यालाच खेळता यावं म्हणून दर वेळी तो असा प्रश्न विचारायचा. ती पुस्तिका कधीच चहात भिजून गेली होती. मी दातओठ खाल्ले, टेबलावर मूठ आपटली आणि नवव्या पानाचा मोठ्यानं उद्धार केला.

"लॅडर," भिंतीकडून आवाज आला.

मी वळून पाहिलं. आई तशीच पाठ करून निजली होती.

"नवव्या पानावर लॅडर. पाचव्यावर विंडो. बारा प्रश्न, बारा उत्तरं. पुस्तिका टाकायच्या आधी मी पाठ केली होती, तुम्ही पोरं वाळवायला निघाला होतात."

मी लॅडर लिहिलं. दिवेवाला आत गेला. आणि एका क्षणात सगळी गल्ली ओलांडून भिंतीवर आपटला. वारा आला तो दिसलाच नाही, अंधार झाला आणि खेळ संपला. मी श्वास घेईपर्यंत हे सगळं होऊन गेलं होतं. दादा म्हणाला, आजची यंत्रं वेगवान, हा बिचारा त्यांच्याबरोबर फरफटत जातो; वेग कमी कर. कंट्रोल आणि वरच्या रांगेतलं अकरा नंबरचं बटण एकत्र दाबलं की कमी होतो. किती कमी करायचा ते या खेळाच्या शौकिनांनी लिहून ठेवलंच होतं. त्या काळच्या यंत्राइतका वेग हवा तर अमुक आकडा. मी बरोबर तेवढा केला. कवळी बसवणारी बाई मी, मापात कुणाला ऐकायची नाही. स्वतः एक डाव खेळून पाहिला. अगदी लहानपणीचा दिवेवाला, तंतोतंत.

तोवर आई उठून बसली होती. मी तिला खुर्चीपाशी आणलं, तिचा उजवा हात उचलून बाणांच्या बटणांवर ठेवला. बोटं थंड होती. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा इतका उजळला की मला दादाला लगेच फोन करून बढाई मारावीशी वाटली.

पहिल्याच खांबाशी दिवेवाला पुढे निघून गेला. आईनं त्याला मागे आणला, तो मागे जास्त गेला. वाऱ्यानं पहिला दिवा विझवला. दुसरा डाव, तिसरा डाव. तिसऱ्यात तिचं मधलं बोट अडकलं आणि ती ते सोडवेपर्यंत अंधार पडला.

तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मांडीवर परत ठेवला.

"पुन्हा खेळ ना. सवय गेली आहे."

"पहिली गल्ली मी भाजी निवडता निवडता करायचे," आई म्हणाली. "खेळ बरोबर आहे गं. हातच गेलाय माझा. आता कळलं."

इतके दिवस हात गेलाय की काय म्हणून आम्ही घाबरत होतो. तो गेलाय हे तिला मी सिद्ध करून दाखवलं होतं, दोन तास घाम गाळून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तर ती म्हणाली, "माझं सामान त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या बायकोला देऊन टाक. सुया, कात्री, अंगुस्तान, सगळं. ती बरी काजं करते. पडून गंजण्यापेक्षा तिला होईल."

"देते," मी म्हणाले. रडू येत होतं आणि ते तिच्यासमोर यायला नको होतं, म्हणून मी सामान काढायचं निमित्त करून टेबलाखाली शिरले.

आईच्या शिवणाच्या टेबलाखाली बाबांचा तो जुना कॉम्प्युटर आहे. बंद पडला तेव्हा आई म्हणाली, फेकू नका, पाय ठेवायला बरी उंची आहे. तेव्हापासून वीस वर्षं त्यावर पाय ठेवून ती काजं करत आली. सुयांचा डबा त्याच्या मागे होता. मी हात घातला तेव्हा यंत्राचं तोंड माझ्या नाकासमोर आलं आणि थंडाव्याचं बटण दिसलं. ते आत दाबलेलं होतं. म्हणजे यंत्र शेवटचं बंद झालं तेव्हा आईची पाळी चालली होती.

मी त्यावर बोट ठेवलं. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच. टक्‌ आवाज करून ते बाहेर आलं. खाली झिजलेली इंग्रजी अक्षरं होती, लहानपणी कधी न वाचलेली. ओढणीनं पुसली. टर्बो.

थंडाव्याला टर्बो कशाला म्हणतील? तिथेच टेबलाखाली बसून मी मोबाईलवर शोधलं आणि दोनदा वाचलं. जुन्या यंत्रांवर वेगाचं बटण असायचं. वेग निम्म्यावर आणायचं. खिडकीतले आकडे वेगाचे असायचे.

मी बाहेर जिन्यात जाऊन दादाला फोन केला.

"ते तापमान नव्हतं," मी म्हणाले.

"कुठलं?"

"तेहतीसचं सोळा. ते वेगाचं बटण होतं. बाबा आपली पाळी झाली की आईसाठी खेळ निम्म्यानं हळू करायचे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ठमे," तो म्हणाला, "मी सव्वीस वर्षं कॉम्प्युटरवर काम करतोय."

"माहीत आहे, दादा."

"टर्बो बटण मला ठाऊक आहे. मी लोकांना शिकवलंय ते. पण आपल्या घरातलं ते थंडाव्याचंच बटण होतं गं. मी कधी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलंच नाही." मग तो हसायला लागला. "म्हणजे सत्तावीस गल्ल्या..."

"हो."

"आईला सांगू नकोस."

"मी काय वेडी आहे?"

पाच-सहा शिंपी, दोन मुलं, एक न बोलणारा नवरा आणि ढीगभर काजं यांत बाईची स्वतःची अशी मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. ती आम्ही काढून घेणार नव्हतो. पण बाबांचं काय म्हणावं? त्यांनी आईला कधी फूल आणून दिल्याचं, नावाजल्याचं मला आठवत नाही. भाजीत मीठ कमी असलं तर ते उठून मीठ घ्यायचे, एवढीच त्यांची बोलण्याची पद्धत. आणि कंबरदुखीचा पट्टा बांधावा लागत असतानाही तो माणूस वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी वाकत होता. मला त्या जिन्यात बाबांची फार आठवण आली. गेले तेव्हा आली होती त्याहून जास्त.

सुयांचा डबा मी शिंप्याच्या बायकोला दिला नाही, माझ्या कपाटात ठेवला. वेगाचा आकडा निम्मा केला आणि आईपुढे जाऊन उभी राहिले.

"आई, त्या दिवशी यंत्र तापलं होतं. म्हणून तो दिवेवाला नीट चालत नव्हता."

"तापलं होतं?"

"हो. आता थंड केलंय."

आईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी खोटं बोलते तेव्हा माझे कान लाल होतात, असंही ती म्हणते.

"बरं," ती म्हणाली. "धर मला."

दिवेवाला निघाला. एक पाऊल, मग दुसरं. मला तो कंटाळवाणा वाटला, पण आईची मान हळूहळू डुलायला लागली.

"हां," ती म्हणाली. "हा आपला. याच्या दोन पावलांत माझा एक टाका व्हायचा."

त्या दिवशी तिनं पहिली गल्ली उजळली आणि दुसरीत हरली. हरल्यावर हात मांडीवर नेला नाही. "आणखी एकदा," म्हणाली.

मग रोजचंच झालं. मी कामावरून आले की आई खुर्चीत बसलेलीच असायची. खेळ आदल्या दिवशीच्या गल्लीपासूनच सुरू व्हायचा, पण प्रोग्राम दर वेळी आपल्या ठरलेल्या वेगानंच उघडायचा, त्यामुळे मी तिच्या खांद्यावरून वाकायची आणि दोन्ही हातांनी ती दोन बटणं दाबत आकडा खाली आणायची. "थंड करते हं," म्हणायची. "कर," ती म्हणायची. दादानं सांगितलं की एका फाइलीत तो आकडा कायमचा लिहून टाकता येतो, रोज वाकायची गरज नाही. मी बरं म्हणाले आणि लिहिला नाही.

चौथ्या गल्लीपर्यंत मधलं बोट ऐकायला लागलं. सहावीत करंगळी. पिवळा चेंडू मी पलंगाखालून काढून टेबलावर ठेवला, आणि हरल्याचा राग आला की आई तो दाबायची. फिजिओबाई आल्या, त्यांनी पकड मोजली, पुन्हा मोजली, आणि काय केलंत असं विचारलं. "गल्लीतले दिवे लावले," आई म्हणाली. बाईंनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

"पकड छान आलीय," त्या मला दाराशी म्हणाल्या. "पण अंगठा आणि तर्जनी अजून फाकत नाहीत. हात उघडत नाही तोवर सुई धरणं कठीण. तीन महिने संपत आलेत. बघू."

आम्ही बघत होतो. मोहरून जाण्यासारखं काही रोज होत नव्हतं. आई बटणं सोडून अंगठा फाकवायला गेली की तो थरथरायचा आणि मिटायचा. तिच्या सुया माझ्याच कपाटात होत्या आणि तिनं त्या दिल्यास का, असं एकदाही विचारलं नाही.

नंतरच्या एका संध्याकाळी मी घरी आले ती दातओठ खातच. एका गिऱ्हाइकानं कवळी तिसऱ्यांदा परत पाठवली होती, टोचते म्हणून. आणि कुठे टोचते ते त्याला सांगता येत नव्हतं. पर्स फेकली, चपला फेकल्या. आई टेबलापाशी होती. तिनं स्वतःच यंत्र चालू केलं होतं, प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, आणि खुर्ची रिकामी ठेवून ती शेजारच्या स्टुलावर बसली होती.

"बस," ती म्हणाली.

"आई, आज नको. डोकं फिरलंय माझं."

"म्हणूनच बस. नववी गल्ली राहिलीय तुझी."

पडद्यावर खरोखरच नववी गल्ली होती. संपतच नाही असं वाटावं अशी लांब, मधे एक वळण, आणि वळणावर वारा. मी बसले. पस्तीस वर्षांनंतरही तो वारा त्याच जागी दबा धरून होता. मी एकदा हरले. दुसऱ्यांदा वळणाच्या अलीकडेच हरले आणि त्या वाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. तिसऱ्या डावाला दिवेवाला पळायला लागला तशी मी आधीच चिडून पुढे झुकले.

तेव्हा माझ्या उजवीकडून आईचा हात आला. उजवा. तो कीबोर्डवर उतरला, अंगठा खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या कंट्रोलवर टेकला, आणि तर्जनी वर सरकायला लागली. थरथरत एक रांग चढली, दुसरी चढली. एकदा चुकून भलत्याच बटणावर पडली, मागे आली, पुन्हा चढली. अंगठा जागचा हलला नव्हता. अकरा नंबरच्या बटणावर बोट पोचलं आणि तिनं दाबलं. मग पुन्हा दाबलं, पुन्हा, पुन्हा. पडद्यावरचा माणूस पळायचा थांबला आणि चालायला लागला.

"तापलं होतं," आई म्हणाली.

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. तो उघडा होता, अंगठ्यापासून तर्जनीपर्यंत पुरता ताणलेला.

"तुला माहीत होतं?"

"काजं करणारी बाई मी. दोन टाक्यांतलं अंतर मला न बघता कळतं. माणूस निम्म्यानं हळू चालायला लागला ते कळणार नाही?"

"पहिल्यापासून?"

"पहिल्या संध्याकाळपासून. फक्त त्या रविवारी हाताच्या धसक्यात त्याच्या चालीकडे लक्षच गेलं नाही माझं."

"मग बोलली का नाहीस? आम्हाला किती छळलंस तू त्या सत्तावीस गल्ल्यांवरून."

"ते तर छळणारच." ती हसली, तोंडाच्या एका बाजूनं. "मी बोलले असते तर ते वाकायचे थांबले असते गं. दिवसभरात तेवढंच एक करायचे माझ्यासाठी, आणि ते मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. मी का मोडू?"

डोळ्यांपुढचा पडदा अंधुक झाला होता.

"आणि सुया कुठे आहेत माझ्या?" आई म्हणाली. "दिल्या नाहीस तू, देते म्हणालीस तेव्हा तुझे कान लाल झाले होते. उद्या काढून ठेव. आता समोर बघ, वळण आलं."

मी समोर पाहिलं. वळणावर वारा आला, पण दिवेवाल्याला आता वेळ होता. त्यानं शिडी लावली, दिवा पेटवला, उतरला, पुढे गेला. आईनं हात काढला नव्हता.